दहा ते एकची सपाट रेष

शनिवारचे शेवटचे दोन तास माझे होते. ते मला कुणी दिले नव्हते, मी भांडून घेतले होते. नंतर ते गेले, तेही भांडूनच. निवृत्त होऊन आता वर्ष उलटलं. गुडघे दुखतात, वर्गात ओरडून ओरडून बसलेला आवाज काही सुटत नाही, पण शनिवारी दुपार झाली की डोकं अजून तापतं. बायको म्हणते, "आता कुणाशी भांडताय?" खरं आहे. भांडायला समोर कुणी उरलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांना माझा ‘शिक्षकी प्रवास’ हवा होता. मी म्हटलं, प्रवास नाही लिहिणार, शनिवारचं लिहीन; आणि पानं दुप्पट लागतील. तेही हुज्जत घालणारे निघाले. जेवढी पानं पदरात पडली तेवढ्यात सांगतो.

चिखलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अकरावी-बारावीला गणित शिकवायचो. त्याआधी भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये मशीनवर उभा होतो. मराठवाड्यातून आलो तेव्हा इथे ओळखीचं कुणी नव्हतं. दिवसा कंपनी, संध्याकाळी कॉलेज, पुढे बी.एड. कुणाच्या चिठ्ठीवर काही मिळालं नाही, त्यामुळे घासाघीस केल्याशिवाय कुठलीही गोष्ट घ्यायची नाही अशी सवय लागली ती लागलीच. मग ती भाजी असो नाहीतर वेळापत्रक.

माझा आवडता धडा फंक्शनचा. पाठ्यपुस्तकातली त्याची व्याख्या वाचून एकाही पोराचा चेहरा उजळलेला मी पाहिला नाही. मी ती प्रेस शॉपमधून सांगायचो. प्रेसला डाय, म्हणजे साचा, लावलीय. पत्र्याचा तुकडा ठेवला, दाब पडला, एक पार्ट निघाला. तसाच तुकडा पुन्हा ठेवला तर तसाच पार्ट निघाला पाहिजे. एकाच मापाच्या तुकड्यातून कधी वॉशर आणि कधी ब्रॅकेट पडायला लागलं तर काय कराल?

"मशीन बंद, सर!" सगळा वर्ग ओरडायचा. आमच्याकडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही.

बस, फंक्शन म्हणजे एवढंच. एक द्या, एकच मिळेल, आणि दर वेळी तेच मिळेल. पण खरी गंमत उलट बाजूने आहे. समजा पार्ट समोर पडलेत आणि डाय झाकलेली आहे. पार्ट बघून आत कसली डाय असेल ते ओळखायचं. चहा निवतो, टाकी रिकामी होते, स्प्रिंग ताणली जाते. आकडे आपल्यासमोर, सूत्र झाकलेलं. ते शोधून काढायचं आणि कुठून कुठपर्यंत खरं आहे तेही सांगायचं. याला मॉडेल म्हणतात. पुस्तकात यावर चारदोन उदाहरणं असतात आणि परीक्षेत क्वचित एखादं. म्हणून ते कुणी शिकवत नाही. ते शिकवायला मला शनिवार हवा होता.

प्राचार्य मॅडमकडे गेलो आणि आठवड्याचे चार तास मागितले. मला दोनच हवे होते.

"चार? सर, सिलॅबस कधी पुरा करणार?"

"मॅडम, तीन द्या."

"एकही जमणार नाही."

"पूर्ण कॉलेजचं टाइमटेबल यावर्षीपासून मी बनवतो. सगळ्या शिक्षकांच्या तक्रारी माझ्याकडे. तुमच्या केबिनमध्ये एकही माणूस येणार नाही."

टाइमटेबल बनवणं म्हणजे काय असतं ते शिक्षकांनाच माहीत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दोन," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारी शेवटचे. तेव्हा तसंही पोरांचं लक्ष नसतं."

अशा रीतीने मला दोन तास मिळाले आणि नोकरी संपेपर्यंतचं टाइमटेबल गळ्यात पडलं. तास गेल्यावर टाइमटेबल मात्र कुणी परत घेतलं नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सामान आणायला पैसे नव्हतेच. चिखलीजवळ भंगारवाल्यांच्या दुकानांची रांग आहे, तिथे एक म्हातारे चाचा बसायचे. त्यांच्याकडून गाड्यांच्या जुन्या स्प्रिंगा, वजनं, एक तराजू असं काय काय आणलं. पहिल्याच वेळी त्यांनी माझा भाव ऐकला आणि कपाळावर हात मारला.

"मास्टरजी, इतने में तो स्प्रिंग की जंग भी नहीं आएगी."

"तो जंग आप रख लो चाचा, स्प्रिंग मुझे दे दो."

ते हसले आणि मी जिंकलो. पुढे दर वेळी ते मला पाहिलं की आधी चहा मागवायचे, मग भांडायला सुरुवात करायचे.

स्प्रिंगला वजन लावा, किती लांबली ते मोजा, ग्राफ काढा. वजन दुप्पट, लांबणं दुप्पट. सुंदर सरळ रेष येते. पोरं खूश. मग एका दांडगटाने स्प्रिंगला स्वतःचं दप्तर लावलं, त्यावर शेजाऱ्याचं, आणि शेवटी दोघंजण मिळून लोंबकळले. स्प्रिंग ताणली गेली ती परत आलीच नाही. आधी मी त्यांना मनसोक्त झापलं. मग फळ्याकडे नेलं. कागदावरची रेष हवी तितकी वर जात होती, पण लोखंडाला ते माहीत नव्हतं. "सूत्र लिहिलं की शेजारी लिहायचं, कुठपर्यंत," मी म्हटलं. "नाहीतर ते सूत्र नाही, थाप आहे." ती वाकडी स्प्रिंग मी कपाटात जपून ठेवली. तिच्याइतकं कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही.

आता टाकीचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं.

मी गृहपाठ दिला होता: रविवारी आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती खाली जातं ते सकाळपासून दर तासाला मोजायचं. घरातलं मोठं माणूस बरोबर घेऊन जायचं, दोराला गाठी मारायच्या, दोर आत सोडायचा, कोरडा भाग मोजायचा. पाण्याची उंची आणि वेळ यांचा ग्राफ शनिवारी आणायचा.

शनिवारी चाळीसएक ग्राफ टेबलावर आले. जवळजवळ सगळे सरळ रेषेत. इतके सरळ, की आधी पट्टीने रेष ओढून मग तिच्यावर ठिपके बसवलेत हे लांबून दिसत होतं. मी पहिला हाताशी आला त्याला उभं केलं. ओंकार. वडील चाकणला एका कंपनीत क्वालिटी तपासनीस.

"ओंकार, तुमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी सातला जेवढं पाणी लागतं तेवढंच दुपारी तीनला लागतं?"

"हो सर."

"लोक दुपारी तीनला अंघोळ करतात?"

"काही करत असतील, सर."

"टाकीवर चढला होतास?"

"चढलो ना सर. सकाळी एकदा. मग संध्याकाळी एकदा."

"आणि मधली रीडिंग?"

"मधली भरली."

"भरली म्हणजे?"

पोरगं अजिबात घाबरलं नव्हतं, हे मला आजही आठवतं. मलाच काही कळत नाही अशा सुरात ते म्हणालं, "सर, रीडिंग भरायचीच असतात ना. पप्पा पण शिफ्ट सुरू झाली की चेकशीट भरून टाकतात. मध्ये टाइमच मिळत नाही. सगळी लिमिटच्या आत पाहिजेत फक्त."

वर्ग हसला, पण तो ओंकारला हसला नाही. ‘सरांना एवढंही माहीत नाही’ असं ते हसू होतं. मग माझा पारा चढला. "पाण्याला कुणी लिमिट ठरवून दिलंय का रे? टाकीचा सुपरवायझर कोण आहे? खाडे झाले तर पाणी पगार कापणार आहे का तुमचा?" खिडक्यांमधून शेजारचा वर्ग बघायला लागला इतका ओरडलो.

ओरडून दमल्यावर मनाशी विचार केला. ही पोरं मला फसवत नव्हती. मोजणं म्हणजे वरच्या माणसाने चिडू नये म्हणून रकाने भरणं, असंच त्यांनी जन्मापासून पाहिलं होतं. प्रेस शॉपमध्ये असताना तो कागद मीही पाहिला होता. सगळे आकडे हद्दीच्या आत आणि बाजूला रिजेक्ट मालाचा ढीग. इतर गावांतली मुलं गृहपाठ एकमेकांचा बघून उतरवतात. आमची मुलं निसर्गालाच लिमिटमध्ये बसवून आणतात.

त्या गठ्ठ्यात एकच ग्राफ वाकडातिकडा होता. प्रज्ञाचा. तिसऱ्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी मुलगी. वडील फाउंड्रीत, कायम नाइट शिफ्टला. तिची रेष सकाळी भरभर खाली येत होती, मग दहापासून एकपर्यंत जवळजवळ सपाट, आणि एकनंतर धाडकन खाली. मी तो फळ्यावर लावला तशी वर्गात खसखस पिकली.

"कंपनीत असतं तर रिजेक्ट, सर," ओंकार म्हणाला.

"गप्प बस. प्रज्ञा, तू काय केलंस?"

"मोजलं, सर."

"दर तासाला?"

"हो सर. मम्मी बरोबर होती. पण माझं चुकलं असेल. दहा ते एक पाणी हललंच नाही. दोर अडकला असेल."

"दोर अडकला असता तर एकला सुटला कसा? रेष सपाट राहिली म्हणजे तीन तास कुणी नळ सोडला नाही. रविवारी, धुण्याभांड्यांच्या वेळेला, अख्ख्या बिल्डिंगमध्ये. का? जा आणि विचारून ये."

पुढच्या शनिवारी ती आली ती बाकावर न बसता सरळ माझ्याजवळ आली.

"सर, पाइप वाजतात."

मला काही कळेना. तिने सांगितलं ते असं. त्यांची इमारत जुनी. गच्चीवरून खाली येणारा लोखंडी पाइप प्रत्येक घराच्या आतल्या खोलीच्या भिंतीला लागून येतो. भिंतीतली पकड सैल झालीय. कुठल्याही मजल्यावर नळ सोडला की तो पाइप वरपासून खालपर्यंत खडखडतो. आणि त्या इमारतीतले बहुतेक पुरुष नाइट शिफ्टचे. इथे पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात कित्येक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी कॉलेज बंद, पण बापाची शिफ्ट चालू. माणसं सकाळी येतात, अंघोळ करतात, जेवतात, दहाच्या सुमारास आडवी होतात आणि एकला उठतात. म्हणून दहा ते एक इमारतीतली एकही बाई नळ सोडत नाही.

"मम्मी मला नेहमी म्हणायची, नळ सोडू नको, पप्पा झोपलेत. मला वाटायचं हे फक्त आमच्याच घरी आहे. सर, मी सगळे मजले विचारले. सगळ्यांच्या घरी हेच. वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या घरी तर नाइटचं कुणी नाहीच, तरी त्या पण सोडत नाहीत."

"कुणी ठरवलं?"

"कुणीच नाही सर. मीटिंग वगैरे काही झाली नाही."

  मग आम्ही तिच्या टाकीचं सूत्र लिहिलं. एका सूत्रात ते बसेना. तीन तुकडे करावे लागले: दहाच्या आधी एक, दहा ते एक दुसरं, एकनंतर तिसरं. अशी तुकड्यातुकड्यांची फंक्शन पुस्तकात असतात आणि ती बघून ‘हे असलं कशाला कुणी बनवेल’ असं पोरांना वाटतं. त्या दिवशी कुणी तसं म्हणालं नाही.

"आणि कुठपर्यंत?" मी विचारलं.

"गुरुवारी चालणार नाही, सर," मागून आवाज आला. ओंकारचाच. "गुरुवारी सगळे घरी जागे असतात." त्याने पुढच्या रविवारी आपली टाकी खरोखर मोजली. त्याचा ग्राफ इतका वेडावाकडा आला की त्याने तो अभिमानाने सगळ्यांना दाखवला.

आणि त्याच वर्षी माझे शनिवार गेले.

संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, ते जुन्या गावातले. कॉलेजची जमीन त्यांच्या घरची. माणूस वाईट नाही, मुरलेला आहे. त्यांनी एका मोठ्या कोचिंग क्लासशी करार केला होता. क्लासवाले येऊन प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणार आणि दर शनिवारी सराव चाचणी. मला बोलावलं, बसवलं, चहा पाजला. चहा पाजला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"सर, शनिवारचे ते दोन तास लागतील."

"ते माझे आहेत."

"तुमचे म्हंजे? आमी काय तुमचे शत्रू हाय का? पोरांच्या भल्याचंच करतोय ना."

"मग मंगळवारचा पीटीचा तास घ्या."

"पीटीचा एक न्हाई चालत. सलग दोन लागत्यात."

मी मागणी चढवली, उतरवली, चिडलो, हसलो, जे जे येतं ते सगळं केलं. शेवटी ते म्हणाले, "असं करू. गुरुवारी पालकांची मीटिंग हाय. तुमी तुमचं दाखवा, क्लासवाले त्यांचं दाखवतील. पालक म्हणतील तसं. मंजूर?"

मी लगेच मंजूर म्हटलं. आयुष्यभर भाव केला, पण समोरचा इतक्या सहज का मान्य करतोय हा पहिला प्रश्न त्या दिवशी मला सुचला नाही. मला वाटलं, पालक म्हणजे माझीच माणसं. मशीनवर उभी राहिलेली. त्यांना मी हे पटवणारच.

गुरुवारी हॉल भरला. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, सुट्टीचे इस्त्रीचे शर्ट घातलेले. क्लासच्या टाय लावलेल्या तरुण समन्वयकाने पडद्यावर मागच्या वर्षीच्या यशस्वी मुलांचे फोटो दाखवले. मग मी प्रज्ञाला उभं केलं. ती घाबरली होती, पण ग्राफवर बोट ठेवल्यावर सुटली. सकाळचा उतार सांगितला. सपाट भागाशी आली आणि म्हणाली, "इथे पाणी कुणीच वापरत नाही. कारण आमच्या बिल्डिंगमध्ये पाइप वाजतात आणि पप्पालोक झोपलेले असतात. म्हणून सगळ्या मम्मी दहा ते एक नळ बंद ठेवतात. कुणी सांगितलेलं नाही, तरी."

त्या इमारतीतले सात-आठ पुरुष तिथे बसले होते. ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना हे माहीतच नव्हतं. माहीत असणार कसं, ते झोपलेले असायचे.

एक जण हळूच बायांच्या बाजूला बघून म्हणाला, "म्हंजे आमच्यासाठी नळ बंद ठेवता व्हय?"

"मग काय!" वरच्या मजल्यावरच्या मावशी तिकडून गरजल्या. "झोपमोड झाली की दिवसभर तुमचं तोंड कोण ऐकणार?"

हॉल हसला. प्रज्ञाची आई पदर तोंडाला लावून खाली बघत होती. वडील हसत नव्हते. ते त्या ग्राफकडे बघत होते, सपाट भागाकडे. मला वाटलं, झालं. जिंकलो.

मग टायवाला उठला. "व्हेरी नाइस. पण एंट्रन्सला याचं वेटेज किती आहे, सर?"

"तुम्ही कधी टाकीवर चढलाय का?" मी ओरडलो.

"सर, आवाज खाली," दादासाहेब शांतपणे म्हणाले. "पालकहो, हात वर करा. शनिवारी चाचणी कुणाला पाहिजे?"

हात वर गेले. एकामागून एक, सगळे. ओंकारच्या वडिलांचा गेला. मावशींचा नातू वर्गात होता, त्यांचाही गेला. प्रज्ञाच्या वडिलांनी सर्वांत शेवटी केला, पण केला, आणि माझ्याकडे न बघता केला.

मीटिंगनंतर मी दादासाहेबांना केबिनच्या दारात गाठलं. दोन नाही तर एक तास द्या. आठवड्याला नाही तर पंधरवड्याला. महिन्याला. ते प्रत्येक वेळी "बघू, सर" म्हणत होते. मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना "बघू" म्हणून वाटेला लावलं होतं, की त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

राग कसला आहे म्हणाल तर हाच. चार मागून दोन मिळवणारा मी, दोनावरून शून्यावर आलो, आणि तेही माझ्याच माणसांच्या हातांनी. पुढे त्याच कॉलेजात काचेच्या कपाटांची गणित प्रयोगशाळा झाली. माझ्या स्प्रिंगा घासूनपुसून आत ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. वाकडी स्प्रिंग तेवढी खराब म्हणून फेकून दिली.

त्या मीटिंगनंतर काही दिवसांनी मी सहज भंगारच्या दुकानाकडे गेलो. घ्यायचं काही नव्हतं, चाचांशी चार शब्द भांडून बरं वाटतं म्हणून. तिथे प्रज्ञाचे वडील उभे होते. त्यांच्यासमोर लोखंडी क्लॅम्पचा ढीग आणि जाड रबराचे तुकडे. चाचा सांगतील तो भाव ते मान हलवून ऐकत होते. मला राहवलं नाही. मी मध्ये पडलो, क्लॅम्पला नावं ठेवली, रबराला नावं ठेवली, दोनदा निघून जायचं नाटक केलं. सामान निम्म्यात आलं.

"कशाला हे?" बाहेर आल्यावर विचारलं.

"पाइपाला, सर. येत्या गुरुवारी आमी सगळे बसवणार. बिल्डिंगमध्ये चार फिटर हायत, एक वेल्डर हाय. दुनियेची मशीनं दुरुस्त करतो आमी, आन् घरचा पाइप..." ते थांबले. "झोपेत होतो ना राव."

मी मीटिंगपासून साठवलेलं विचारून टाकलं. "मग हात का वर केलात?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सर, तुमचा तास चांगलाच होता. तिला जे कळायचं ते कळलं. पण तिनं पुढं जाऊन कुणासाठी नळ बंद ठेवून बसू नये, एवढं तर मला बघायला पाहिजे ना?"

  चाचणीतून ते साधतं असं मला अजिबात वाटत नाही, पण हे त्यांना तिथे, हातात रबराची पिशवी असताना, कसं सांगणार?

त्यानंतरच्या एका शनिवारी मी कॉरिडॉरमधून चाललो होतो. माझ्याच जुन्या वर्गात क्लासची चाचणी सुरू व्हायची होती. प्रज्ञा धावत बाहेर आली.

"सर, सपाट भाग गेला!"

तिने ग्राफ उघडून धरला. दहा ते एकमध्ये रेष आता खाली उतरत होती, नेहमीच्या रविवारसारखी, धुण्याभांड्यांची.

"मोजलंस की भरलंस?"

"सर!" ती चिडली. "मोजलं. दर तासाला."

मी त्या ग्राफवरून बोट फिरवलं. माझ्याकडे तो लावायला फळा नव्हता, दाखवायला वर्ग नव्हता. "हा मला दे," मी म्हटलं.

"नाही सर. बिल्डिंगच्या बोर्डावर लावायचाय. पप्पांनी सांगितलंय."

"झेरॉक्स काढून देतो तुला."

"नको."

"बरं, मी उतरवून घेतो. पाच मिनिटं दे."

"उतरवलेलं रीडिंग चालत नाही, सर," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय. पाहिजे असेल तर बिल्डिंगमध्ये या, टाकीवर चढा, मोजा." आणि घंटा झाली तशी आत पळाली. एवढ्या वर्षांत माझ्याशी इतका कडक भाव कुणीच केला नव्हता.

रविवारी गेलो. लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्यावर थांबत, जिन्याला आणि दादासाहेबांना शिव्या घालत वर पोचलो. प्रज्ञाने झाकण सरकवलं, तिच्या आईने दोराचं टोक धरलं. मी भिंतीला टेकून बसलो, कारण उभं राहवत नव्हतं. माझ्या पाठीशी तो पाइप होता, रबरात बसवलेला, नव्या क्लॅम्पांनी आवळलेला. खाली घराघरांत माणसं झोपली होती.

दहा वाजून गेले. खालच्या कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. पाठीला पाइपातलं पाणी जाताना जाणवलं. आवाज आला नाही.

"सर, आकडा लिहा," प्रज्ञा म्हणाली.

मी लिहिला.